उतरण्यापूर्वी हवा मोजा
(सफाई कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यांपैकी कित्येकांच्या घरची माणसे आजही शहरांच्या भुयारी गटारांत उतरून पोट भरतात. सकाळी भाकरी बांधून निघालेला मुलगा दुपारी प्रेत होऊन घरी येतो, आणि लोक म्हणतात, त्याचे नशीबच खोटे. मी तुम्हांला स्पष्ट सांगतो, हे नशीब नव्हे. कारणावाचून काहीही घडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण आहे. या मृत्यूंनाही कारण आहे, आणि ते मोजता येते.

गटारात साचलेला मैला प्राणवायूवाचून कुजतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू निघतात. पहिला हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. दुसरा हलका, म्हणून वर चढतो. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. म्हणूनच तोंडाशी शुद्ध वाटणारी हवा तळाशी प्राणघातक असू शकते.

"वास येत नाही, उतर," असे मुकादम सांगतो. हे बोलणे खुनी आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे १०० भाग झाला, की नाकाची शक्तीच मरते. प्राणवायू कमी असल्याचे तर कोणतेच नाक सांगत नाही. काडी पेटवून पाहणे त्याहून वाईट. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होतो.

तेव्हा नाकावर नव्हे, यंत्रावर विश्वास ठेवा. चार वायू मोजणारे यंत्र तळहाताएवढे असते. झाकणे उघडून हवा खेळू द्यावी. मग यंत्र दोरीने सोडून तोंडाशी, मध्यावर व तळाशी हवा मोजावी. प्राणवायू २०.९ टक्के असावा, १९.५ च्या खाली असेल तर उतरू नये. काम चालू असताना यंत्र अंगावर असावे, आणि हायड्रोजन सल्फाइड दहा लक्षांत १० भागांवर जाताच बाहेर यावे. आत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. अशाने एकाच्या जागी तिघे जातात. अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर आणि वर जागता माणूस असेल, तर त्याला ओढून काढता येते.

हे कोणाचे उपकार नव्हेत, हा आपला हक्क आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबर २०१३ रोजी, तो अमलात आला. संरक्षण-साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हा त्याखाली गुन्हा आहे. त्या साधनांच्या यादीत वायुमापक यंत्रही आहे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबास ३० लक्ष रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. परंतु आपल्याला प्रेताची किंमत नको, जिवंत माणूस हवा आहे.

गटार साफ करण्यास यंत्रे आहेत. तरीही माणूसच उतरविला जातो, कारण त्याची जात पाहिली जाते. ही प्रथा मोडेपर्यंत एक निश्चय करा: हवा मोजल्याशिवाय आमचा माणूस उतरणार नाही. मातांनो, भाकरी बांधून देताना मुलाला विचारा, "यंत्र आहे का?" नसेल, तर त्याला घरी ठेवा. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण घर बुडणार नाही.

जयभीम.