सरकीचा वारसा कोणाचा?



वऱ्हाडातील जुना कास्तकार वेचणीच्या दिवसांत शेतातून फिरताना एका डोळ्याने चालू हंगामाचे पीक पाही आणि दुसऱ्याने पुढील हंगामाचे. टपोरी बोंडे धरणारे, किडीला सहजी बळी न पडणारे झाड हेरून त्याची सरकी तो निराळी राखी. पिढ्यान्पिढ्या चाललेल्या या निवडीतूनच त्या त्या मातीला आणि पावसाला मानवणारे वाण घडले. त्यांवर कोणाचे नाव नव्हते, कारण ती साऱ्यांच्या श्रमाची मालमत्ता होती.

कपाशीच्या फुलात बहुतांशी स्वपरागीकरण होते. त्यामुळे सरळ वाणाची सरकी पेरली, तर मातृझाडाचेच गुण पुढच्या पिढीत उतरतात. संकराचे तसे नाही. दोन भिन्न वाणांच्या संयोगातून झालेली पहिली पिढी एकसारखी व जोमदार असते. परंतु तिची सरकी पेरताच दडलेले गुण वेगळे होऊन वर येतात व शेतात उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा फुटणारी झाडे मिसळून उभी राहतात. गुणांच्या या फाटाफुटीचा नियम मेंडेलने 1866 साली वाटाण्याच्या आधारे मांडला होता.

1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी ‘संकर-4’ निर्माण केला. जगातील हा पहिला व्यापारी संकरित कापूस सार्वजनिक संस्थेत जन्मला, ही अभिमानाचीच गोष्ट होय. सायंकाळी कळीतील पुंकेसर हाताने काढावयाचे आणि सकाळी परपराग लावावयाचा, हे काम अल्प मजुरीवर स्त्रियांनी आणि कोवळ्या मुलींनी केले. त्यांच्या बोटांतून निपजलेले बियाणे पुढे खाजगी भांडवलाच्या नफ्याचे साधन बनले.

2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा व पेरण्याचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, बीटी जनुक भारतात आले ते मात्र संकरित वाणांतून. कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने निसर्गनियमाच्या आडून निष्फळ ठरला. दरवर्षी दुकानाची पायरी चढणे कास्तकाराच्या नशिबी आले.

निवड केवळ माणूसच करतो असे नाही. बीटी जनुक संकराच्या एकाच जनकाकडून आले असेल, तर बोंडातील सुमारे एक चतुर्थांश सरकीत ते नसते. ही सरकी खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला विषाची कमी-अधिक मात्रा मिळते व प्रतिकारक्षम अळ्यांचे फावते. 2017 साली विदर्भाच्या शेतांत बोंडे आतून पोखरलेली निघाली, तेव्हा अळीची ही निवड पूर्णत्वास गेली होती. तोटा मात्र एकट्या कास्तकाराच्या पदरी पडला.

यात दोष आनुवंशशास्त्राचा नाही, संकराचाही नाही. शास्त्र कोणाच्या गरजेसाठी राबते, हा खरा प्रश्न आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ ही जनतेच्या पैशावर उभी आहेत. कोरडवाहू जमिनीला साजेसे, लवकर येणारे सरळ वाण त्यांनी विपुल प्रमाणात पुरवावेत, ही मागणी गावोगावच्या सभांतून उठली पाहिजे. हमीभावासाठी लढणाऱ्या कास्तकाराने बियाण्यासाठीही लढले पाहिजे. कारण ज्याच्या हाती सरकी, त्याच्याच हाती पुढचा हंगाम.