मातीतले धातू आणि ताटातली भाजी

दादरच्या बाजारात पालकाची जुडी घेताना मुळांना चिकटलेली माती पाहिलीत? मुंबई उभी आहे ती सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर. तो झिजून तयार झालेल्या मातीत निकेल, क्रोमियम, तांबे निसर्गतःच असतात. मात्र ते बहुतांशी खनिजांत बांधलेले असल्याने पिकात थोडेच उतरतात.

खरी काळजी शिशाची आणि कॅडमियमची. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण मातीत बसलेले शिसे सहजी जात नाही. जुन्या तैलरंगांतही ते असे. कॅडमियम आम्लधर्मी मातीतून पालेभाज्यांत चटकन शिरते. शिसे मुलांच्या मेंदूला घातक, तर कॅडमियम मूत्रपिंडांना.

गिरगाव-लालबागच्या चाळींत गॅलरीत कुंड्या लावत असाल, तर पाडलेल्या इमारतीची किंवा रस्त्याकडेची माती भरू नका. भाजी वाहत्या पाण्यात धुवा, कंदमुळे सोलून घ्या. त्याने वरची माती जाते, आत मुरलेला धातू मात्र जात नाही. म्हणून रोज एकच पालेभाजी नको. आलटूनपालटून भाज्या खा.