एकाच नावाचे दोघे
(शताब्दी सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या ग्रंथात पहिल्या वर्षीच्या वारकऱ्यांची यादी छापायची असं ठरलं आणि ते काम आम्हा चौघा-पाचांकडे आलं. दिंडीची जुनी जमाखर्चाची वही हाताशी होती, तेव्हा आठ दिवसांत यादी होईल असं सगळ्यांना वाटलं. पण पहिल्याच पानावर विणेकऱ्यांचं नाव आलं आणि गावातल्या दोन घरांनी सांगितलं, ‘हे आमचे.’

दोन्ही घरं एकाच भाऊकीतली. एक थोरली पाती, एक धाकटी. थोरल्या पातीचं म्हणणं, विणा आमच्या आजोबांच्या गळ्यात होती. धाकटी पाती म्हणे, आमच्या पणजोबांच्या. नाव एकच, बापाचंही नाव एकच. दोघंही खरंच बोलत होते. मग विणेकरी कोण?

असं का होतं, ते आधी सांगतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. समजा आजोबा रामजी बिन सखाराम. त्यांचा मुलगा सखाराम बिन रामजी. त्याचा मुलगा पुन्हा रामजी बिन सखाराम! म्हणजे एक पिढी सोडून तेच नाव, तोच बाप, तेच गाव. कागद नुसता नावावर वाचला तर आजा आणि नातू एक होऊन जातात. त्यात घरातल्या सुना सासऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून त्या नावाच्या पोराला बापू, आबा, अण्णा म्हणायचं. घराला बापू माहीत, कागदाला रामजी माहीत. दोघांची गाठ पडत नाही.

हा घोळ संतांच्याही वाट्याला आला आहे. नामदेवरायांचा काळ १२७० ते १३५०. पुढे एकनाथ महाराजांच्या सुमारास विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, त्यांनी मराठीत महाभारत रचलं. नावात नामा, म्हणून त्यांचे काही अभंग नामदेवांच्या गाथ्यात मिसळून गेले. अभ्यासकांनी भाषा, काळ आणि नाममुद्रा तपासून दोघांना वेगळं केलं. तरी प्रत्येक अभंगाचा निवाडा अजून झालेला नाही. संतांचं असं, तर तुमच्याआमच्या घराचं काय सांगावं!

तेव्हा आम्ही एक नेम केला. नावावर माणूस ठरवायचा नाही. नाव, बाप, गाव, जमीन आणि काळ, या पाचांची सांगड बसली तरच ‘हाच तो’ म्हणायचं.

गावाचंही तसंच. ओझर दोन प्रसिद्ध आहेत. एक आपलं, निफाड तालुक्यातलं, बाणगंगेच्या काठचं. दुसरं जुन्नरकडचं, विघ्नेश्वर गणपतीचं. जुन्या कागदात नुसतं ‘मौजे ओझर’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये, तालुका पाहावा. शिवाय नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधी आपला बराचसा भाग अहमदनगरच्या कलेक्टराकडे होता, म्हणून फार जुना कागद शोधणाऱ्यानं तिकडचीही चौकशी ठेवावी.

काळाचं गणित सोपं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९ लागतात. फसली साल असेल तर साधारण ५९०. एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतात.

आता आमच्या विणेकऱ्यांकडे येऊ. पहिला कागद मिळाला तो गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात धाकट्या पातीच्या पणजोबांचा मृत्यू प्लेगच्या साथीत लागलेला. दिंडी तर त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी निघाली. पण धाकटी पाती म्हणाली, ‘मेलेला तोच कशावरून? नाव तर दोघांचं एकच.’ प्रश्न रास्त होता.

म्हणून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं. त्यात नातवाची जन्मतारीख होती. दिंडी निघाली तेव्हा तो जेमतेम पंचविशीतला. यावरही शंका आली, की एवढ्या तरण्या पोराच्या गळ्यात विणा देतील का?

निकाल लागला तो त्र्यंबकेश्वरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आपण जातोच. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की वही निघते. त्यात कोण आला, कोणाचं कार्य केलं, भाऊ किती, मुलं किती, हे लिहिलेलं असतं. जुना मजकूर मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, म्हणून जाणत्याकडून वाचून घ्यावा लागतो. तिथं दोन भावांनी बापाचं श्राद्ध करून लेख लिहून ठेवला होता. मयत बापाचं नाव, दोघा मुलांची नावं, आईचं नाव आणि थोरल्याचा लहान मुलगा, आजोबांच्याच नावाचा. आजा आणि नातू एकाच लेखात, वेगवेगळे उभे! आजा दिंडीआधीच गेलेला. म्हणजे विणेकरी नातूच.

थोरल्या पातीला आनंद झाला. धाकट्या पातीचे आजोबा मात्र गप्प बसून राहिले. शंभर वर्षं घरात सांगत आलेली गोष्ट एका कागदानं काढून घेतली, तर माणसाला लागणारच.

पण वहीच्या पुढच्या पानावर एक ओळ होती: अमकी कोम अमका, बाजरी दोन पायल्या. कोम म्हणजे बायको. नवऱ्याचं नाव तेच, पुन्हा तोच पेच. आजीची नोंद की नातसुनेची? नातसुनेचं नाव फेरफाराच्या वारसनोंदीत वेगळं निघालं. वहीतलं नाव जुळलं ते त्र्यंबकच्या लेखातल्या आईशी. प्लेगात नवरा गेला, दोन पोरं वाढवली, आणि नातवाच्या गळ्यात विणा पडली तेव्हा त्या माउलीनं दिंडीला बाजरी दिली. ती दोन्ही पात्यांची. तिचं नाव दोन्ही घरांत कोणालाच ठाऊक नव्हतं. ते ऐकून धाकट्या पातीचे आजोबा एवढंच म्हणाले, ‘तिचं नाव छापा.’ ते छापलं आहे.

माउली, २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्तानं गावोगाव जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना मान आला. कागद पाहणं चांगलंच. पण दाखल्याची घाई असली की जुळणारं नाव आपलंच वाटतं. पाचांपैकी तीनच जुळले, तर ‘बहुधा’ लिहावं. काहीच जुळेना, तर जागा कोरी ठेवावी. यादीत आम्ही अशा काही जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. उसना पूर्वज लिहिला की खऱ्याची वाट कायमची बंद होते.

आणि कुळ शोधायचं ते कोणाला खाली बसवायला नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या भावंडांकडे शुद्धिपत्र मागितलं गेलं, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ज्यांच्या कुळाबद्दल विचारलं, त्यांच्याच पालख्यांमागे आज आपण चालतो.

एक मागणं आहे. आज घरी गेल्यावर वहीच्या एका पानावर लिहून ठेवा: आजोबांचं कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव, आजीचं सासरचं आणि माहेरचं नाव, तिचं गाव, लेकींची नावं, जमिनीचा गट नंबर. खाली तारीख टाका. त्र्यंबकला गेलात तर उपाध्यायांच्या वहीत बायकांचीही नावं लिहवा. पुढच्या शताब्दीला जे कोणी यादी करतील, त्यांना दोन रामजींमध्ये फरक करायला तेवढं पुरेल.

रामकृष्ण हरी.