सात तारखेचा देश
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

सत्तापालट म्हटला की रणगाडे, गोळीबार, रेडिओ केंद्राचा ताबा असे काहीसे डोळ्यांसमोर येते. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात ७ नोव्हेंबर १९८७ रोजी सत्तापालट झाला तो डॉक्टरी दाखल्यावर. सात डॉक्टरांनी लिहून दिले की, राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा राज्यकारभार पाहण्यास असमर्थ आहेत. बुर्गिबा तेव्हा ८४ वर्षांचे होते आणि १९७५ पासून तहहयात अध्यक्ष होते. राज्यघटनेच्या ५७ व्या कलमानुसार खुर्ची पंतप्रधानांकडे आली. हे पंतप्रधान म्हणजे जेमतेम महिन्याभरापूर्वी नेमले गेलेले झैनुल आबिदीन बेन अली. लष्करात वाढलेले, नंतर गृहमंत्री झालेले. रक्ताचा थेंब सांडला नाही आणि लोकांना हायसे वाटले. झैनुल आबिदीन म्हणजे उपासकांचे भूषण. नावात काय आहे, हे इथे विचारायला हरकत नाही.

मी कवी आहे. राज्यशास्त्राशी माझा संबंध बी.ए.पुरताच. पण या माणसाने तेवीस वर्षे शब्दांचे जे केले, ते एका कवीने जरूर पाहावे.

आल्या आल्या त्यांनी तहहयात अध्यक्षपद रद्द केले. पाच वर्षांची मुदत, जास्तीत जास्त तीन वेळा, अशी घटनादुरुस्ती १९८८ मध्ये झाली. तिसरी मुदत संपत आली तेव्हा, २००२ मध्ये, सार्वमत घेऊन ही मर्यादाच काढून टाकली. उमेदवाराच्या वयाची अट ७० वरून ७५ केली आणि अध्यक्षांवर कधीच खटला भरता येणार नाही, असे कवचही जोडले. सगळे कसे कायदेशीर! घटना मोडायचीच नाही. शिंप्याकडे कपडा द्यावा तशी वाढत्या अंगाला बेतून घ्यायची.

निवडणुकाही वेळेवर होत. १९८९ मध्ये त्यांना ९९.२७ टक्के मते पडली, १९९४ मध्ये ९९.९१. या दोन्ही वेळी दुसरा उमेदवारच नव्हता. १९९४ मध्ये मानवी हक्क चळवळीतले मोन्सेफ मारझुकी उभे राहू पाहत होते, त्यांना तुरुंगात टाकले. (हेच मारझुकी २०११ च्या डिसेंबरात देशाचे अध्यक्ष झाले.) पुढे जगाला दाखवायला विरोधक हवे झाले, तेव्हा १९९९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी उभे राहू दिले. बेन अलींना ९९.४५ टक्के पडली. संसदेत विरोधी पक्षांसाठी काही जागा कायद्यानेच राखून ठेवल्या होत्या. सरकारने वाढलेल्या ताटावर जेवणाऱ्याने सरकारला काय बोलावे?

सत्ताधारी पक्ष आणि सरकार यांच्यातली रेघ पुसली गेली होती. दहा दशलक्षांच्या देशात आपले वीस लाख सभासद आहेत, असे हा पक्ष सांगे. 'सव्वीस-सव्वीस' नावाचा एक मदतनिधी होता. त्याच्या खात्याचा क्रमांकच तो. दुकानदाराने, कारखानदाराने त्यात स्वखुशीने वर्गणी द्यायची. स्वखुशी कशी असते, हे आपल्याकडच्या कुठल्याही दुकानदाराला समजावून सांगायला नको. सात तारखेचे तर वेडच लागले. ७ नोव्हेंबर चौक, ७ नोव्हेंबर स्टेडियम, ७ नोव्हेंबर रस्ता. आणि इंटरनेटवर बंदी घातलेली जागा उघडली की 'पान सापडले नाही, ४०४' असे दिसे. लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरला नावच ठेवले 'अम्मार ४०४'. गंमत अशी की, २००५ ची जागतिक माहिती परिषद याच देशात भरली होती.

आता जिथे माझे मन अडकते, ती गोष्ट. बुर्गिबांनी १९५६ मध्ये बहुपत्नीत्व आणि तोंडी तलाक कायद्याने बंद केला. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हा तिथल्या कायद्याला जवळजवळ दहा वर्षे झाली होती. आपल्याकडे व्यक्तिगत कायद्याचा वाद निघाला की ट्युनिशियाचे नाव निघतेच. मीही ते घेतो आणि यापुढेही घेईन. बेन अलींनी तो कायदा राखला, थोडा पुढेही नेला. पण पाहुण्यांना दाखवायच्या दिवाणखान्यासारखा त्याचा उपयोग केला. त्याच देशात पत्रकार सिहेम बेनसेद्रिन यांना २००१ मध्ये विमानतळावर उतरताच अटक झाली. वकील राधिया नस्रावी यांना पोलिसी पाळतीविरुद्ध उपोषणाला बसावे लागले. स्त्रीला नवऱ्यापासून संरक्षण होते, सरकारपासून नव्हते. सुधारणा वरून आली म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र तिचे श्रेय हुकूमशहाच्या पदरात टाकणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

राष्ट्रगीताची कथा तर विलक्षण आहे. सत्तेवर येताच, त्याच नोव्हेंबरात बेन अलींनी राष्ट्रगीत बदलले. नव्या गीताचा शेवट अबुल कासिम अश्शाबी या कवीच्या ओळींनी होतो. हा कवी १९३४ मध्ये, अवघ्या पंचविशीत वारला. जनतेने जगायचे मनावर घेतले तर काय होते, याविषयीच्या त्या ओळी आहेत. तेवीस वर्षे सरकारी समारंभांत सारे अधिकारी उभे राहून त्या म्हणत. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद गावात मोहम्मद बुआझिझी या हातगाडीवाल्याने माल जप्त झाल्यावर स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर त्याच ओळी रस्त्यावर आल्या. १४ जानेवारी २०११ ला बेन अली सौदी अरेबियात पळाले. २०१९ मध्ये तिथेच वारले.

नवी घटना २०१४ मध्ये आली. दुसऱ्याच वर्षी तिथल्या चार संघटनांना शांततेचे नोबेल मिळाले. २०१९ मध्ये कैस सईद हे घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक भरघोस मतांनी अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२१ रोजी त्यांनी एका कलमाचा आधार घेऊन संसद स्थगित केली, पुढच्या वर्षी स्वतःची घटना आणली. तिच्यावरील सार्वमताला सुमारे ३० टक्के, आणि डिसेंबर २०२२ च्या संसदीय निवडणुकीला सुमारे ११ टक्के मतदार आले. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यायालयाने तीन बाद उमेदवारांना परत घ्या, असे सांगितले. निवडणूक आयोगाने ऐकले नाही. मतदानाला थोडेच दिवस उरले असताना संसदेने त्या न्यायालयाचा निवडणुकीतला अधिकारच काढून घेतला. सईदांना ९० टक्क्यांवर मते पडली. मतपत्रिकेवर एक नाव तुरुंगात असलेल्या उमेदवाराचेही होते. त्याला सात टक्के मिळाली.