यंत्राची मातृभाषा



मराठी मुलखाबाहेर साठ वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या या शाळेला पालक हल्ली विचारतात, "संगणकाच्या युगात मराठी माध्यम कशाला?" म्हणून आज ग्रेस हॉपर यांच्याविषयी बोलतो.

१९०६ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या या विदुषीने येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात प्राध्यापकी सोडून त्या अमेरिकी नौदलात शिरल्या आणि हार्वर्डच्या 'मार्क वन' या अजस्र गणनयंत्रावर रुजू झाल्या. त्या काळी यंत्राला आज्ञा द्यायची ती सांकेतिक अंकांत. हे संकेत माणसाने का घोकावेत? भाषांतर यंत्रानेच करावे, असे हॉपरबाईंचे म्हणणे. १९५२ च्या सुमारास त्यांनी पहिला 'कंपायलर' सिद्ध केला. पुढे युनिव्हॅक यंत्र इंग्रजी शब्दांतल्या आज्ञाही पाळू लागले.

खरी गंमत त्यानंतरची. बाईंनी तशीच आज्ञावली फ्रेंच व जर्मन शब्दांत चालवून दाखवली, आणि कंपनीचे अधिकारी हबकले! अमेरिकेत घडलेल्या यंत्राला परकी भाषा कळेलच कशी? वास्तविक त्याला इंग्रजी तरी कोठे कळत होती? शब्दाच्या जागी ठरलेला संकेत बसे, एवढेच. 'अ‍ॅड'ऐवजी 'मिळवा' लिहिले असते, तरी बेरीज तीच आली असती. (इंग्रजी शिकू नये, असे मी म्हणत नाही, ग्रंथभांडार तिच्यात आहे.)

अधिकाऱ्यांची समजूत मात्र पटली नाही. इंग्रजीच वापरू, असे आश्वासन बाईंना द्यावे लागले. १९५९ साली आकारास येऊ लागलेल्या 'कोबोल' भाषेवर त्यांच्या कार्याचा ठसा आहे. तिचे शब्दही इंग्रजीच राहिले.