आरसा म्हणजे प्रत नव्हे

शाळेचे दाखले, पतपेढीच्या खातेवह्या, घरच्या मंगलकार्याची छायाचित्रे हे सारे आता कपाटात नसून 'नॅस' नावाच्या लहानशा पेटीत असते. अनेक संगणकांना जोडलेली ती सामाईक कोठीच होय. तीत बहुधा दोन डिस्क असतात. एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटते. त्यामुळे पुष्कळजण निर्धास्त होतात, आणि तेथेच फसतात. दुसरी डिस्क हा केवळ आरसा आहे. पहिली बिघडली तर ती तारते खरी. पण चुकून पुसलेली फाईल आरशातूनही त्याच क्षणी नाहीशी होते.

चोरापुढे तर आरसा अगदीच निरुपयोगी. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर'ने क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांत शिरून फाईली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ०.०१ बिटकॉइन मागितले. कुलूप कोणते? कोणासही फुकट मिळणारे सेव्हन-झिप!

म्हणून पेटीचे दार थेट इंटरनेटकडे उघडे ठेवू नये, तिच्या आज्ञावलीतील सुधारणा वेळेवर बसवाव्यात. दर आठवड्यास सुट्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि ती डिस्क काढून दुसऱ्या वास्तूत ठेवावी. जोडलेलीच ठेवली तर चोरास तीही सापडते.

आणि ती प्रत अधूनमधून उघडून पाहावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत एका तंत्रज्ञाने भलत्याच यंत्रावरील माहिती पुसली. प्रतींच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत तेवढी हाती लागली.