कापलेला दंड परत मागा
(भातकुलीच्या बैठकीतलं बोलणं)



जमिनीच्या दाव्यात आपण एक शिकलो : तोंडी बोलणं हवेत जाते, अर्जाची पोच राहते. बँकेतही तसंच.

रोहयोची मजुरी खात्यात आली अन् ‘किमान शिल्लक नाही’ म्हणून दंड कापला. पासबुक छापून आणलं तवा आम्हाले समजलं.

रिझर्व्ह बँकेचा सरकारी-खासगी बँकांना १ एप्रिल २०१५ पासून नियम आहे : आधी ग्राहकाला कळवायचं, महिन्याची मुदत द्यायची, मगच दंड. दंडापायी खातं शून्याखाली न्यायचं नाही. मूलभूत बचत खात्याला तर किमान शिल्लकेची अटच नाही.

नियम मोडून कापलं असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी लागत नाही.

पुढच्या बैठकीले पासबुकं आणा. अर्ज इथंच लिहू, अन् बँकेत सोबतच जाऊ.